विहीर कुठंय?

बिल्डरनं वकील दिला होता फुकट,
बुकिंगच्या पावतीबरोबर पेढ्याचा बॉक्स द्यावा तसा.
पुण्याचा. फोनवर गोड बोलला,
दोन पानांचा रिपोर्ट व्हॉट्सॲपवर धाडला.
खालची इंग्रजी ओळ पोरानं वाचली:
"टायटल क्लिअर आहे म्हणतोय, आई."

मी युनिफॉर्म शिवते. अठरा वर्षं.
अक्कलकोट रोडच्या शेडमध्ये, पत्र्याखाली,
जिथं मे महिन्यात मशीनचं चाकसुद्धा चटका देतं.
शर्ट पास करायचा तर मी समोरून बघत नाही.
उलटा करते. काखेची शिलाई ओढून बघते.
क्लिअर असं कापडावर कुठंच लिहिलेलं नसतं.

मग मीच हिंडले, सुट्टीच्या दोन दिवसांत.
सात रस्त्याजवळचा एक म्हणाला, बजेट किती?
कोर्टासमोरचा म्हणाला, उद्याच टोकन घेऊ,
आधार आणा, फोटो आणा, दोन साक्षीदार.
नसले तर माझ्याकडं आहेत.

तिसरा विजापूर वेशीत, चटणीच्या दुकानावर.
जिना इतका अरुंद की पदर भिंतीला घासतो.
रेवणसिद्ध मंगरुळे, वकील.
टेबलावर शेंगांची टरफलं,
पंख्यानं फायली उडू नयेत म्हणून
प्रत्येकीवर खालच्या दुकानातलं जुनं लोखंडी माप.
माझा कागद त्यांनी उघडलाच नाही आधी.
गट नंबर ऐकला, चष्मा कपाळावर नेला:
"विहीर कुठंय?"

कुठली विहीर?

"होती, अक्का. चौथीत असताना मी तिथं पवायला शिकलो,
पाठीला डबा बांधून.
नकाशात नाही म्हणता?
मग ती कुणी बुजवली, कुणाला विचारून,
ते बघावं लागंल."

फी आधीच सांगितली, एकच आकडा,
कॅलेंडरच्या फाटक्या पानामागं लिहून.
आठ दिवस लागले.
आठव्या दिवशी जुन्या फेरफाराची नक्कल पुढं सरकवली
आणि बोट ठेवलं एका नावावर.
नीलव्वा.
चार भावांची एक बहीण, कलबुर्गीला दिलेली.
चौघांच्या सह्या आहेत. हिची नाही.
हक्कसोड नाही, मयताची नोंद नाही,
नाव आहे, आणि पुढच्या फेरफारात नाव नाही.
"पाचवा वाटा तिचा," ते म्हणाले,
"म्हणजे तुमच्या बेडरूमखालचा, अंदाजे."

मी हसले.

फायलीवर माप परत ठेवता ठेवता
त्यांनी सहज विचारलं,
"तुम्ही सोडलाय का हक्क, माहेरचा?"

सही केली होती.
साखर पेठेतल्या दोन खोल्या, लूमसकट.
अन्नानं दुपारी रिक्षातून नेलं,
येताना मोसंबीचा रस पाजला.
वाचलं काहीच नाही. उभ्या उभ्या
एकच डोक्यात, की पोर पाळण्यात ठेवून आलेय,
एव्हाना उठलं असेल.
रस मात्र गोड होता. अजून आठवतो.

घर अजून घेतलेलं नाही.
बिल्डर म्हणतो, बाकीचे सगळे घेतायत,
तुम्हालाच कसली शंका?
बुकिंगचे अकरा हजार अडकलेत.
घरात दोन दिवस कुणी माझ्याशी नीट बोललं नाही.

गुरुवारी मंगरुळे कलबुर्गीला निघालेत,
सकाळच्या गाडीनं, तिकीट माझ्या खर्चानं.
मी म्हणाले, मीही येते.
"तुमचं काय काम तिथं?"
काय सांगणार.
नीलव्वा असलीच तर पंच्याहत्तरीला आली असेल.
कागदाचं, पैशाचं ते बोलतील.
मला तिच्याजवळ बसायचंय थोडा वेळ.
विहीर कुठं होती ते तरी
तिला नक्की ठाऊक असणार.

सहा कडक भाकऱ्या बांधून ठेवल्यात.
चटणी त्यांच्याच जिन्याखालची.